यात इंग्रज कुठे आहेत? (बायकांचं लेखन आणि 'उत्तर-वसाहत')

कोरांटी · शुक्रवार, रात्री ९.४०

आमची एक पुस्तकभिशी आहे. आठ बायका, महिन्यातला एक शनिवार, जिचं घर तिची निवड. पोहे-चहा ठरलेला, पुस्तक बदलतं. या वेळी माझी पाळी होती. मी महाश्वेतादेवींची 'द्रौपदी' ही कथा निवडली, हिंदी भाषांतराच्या झेरॉक्स काढून आठवडाभर आधी घरोघरी पोचवल्या.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: दोपदी मेझेन ही संथाळ बाई, नक्षलवादी चळवळीतली. नवरा दुलना आधीच मारला गेलाय. सेनानायक नावाचा अधिकारी तिचा माग काढतो, ती पकडली जाते, रात्रभर तिच्यावर बलात्कार होतात. सकाळी तिला अंगावर घ्यायला कापड देतात तर ती ते घेत नाही, उघडीच सेनानायकासमोर जाऊन उभी राहते. नि:शस्त्र बाईसमोर तो माणूस पहिल्यांदा घाबरतो. महाभारतात कृष्ण वस्त्रं पुरवतो. इथे कुणी येत नाही, आणि तिला कुणी यायला नकोच आहे.

चर्चा बरी चालली होती. मग मी जरा शहाणपणा केला. कुठल्याशा मलपृष्ठावरचं वाक्य ऐकवलं, की ही दक्षिण आशियातल्या उत्तर-वसाहतवादी (पोस्टकलोनियल, म्हणजे परकं राज्य गेल्यानंतरही त्याचं काय उरलं ते बघणाऱ्या) स्त्रीसाहित्यातली महत्त्वाची कथा मानतात. त्यावर बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या एक काकू चष्मा काढून म्हणाल्या, "अगं, पण यात इंग्रज कुठे आहेत? पोलीस आपले, सावकार आपला, तो सेनानायकसुद्धा आपलाच. मग वसाहत कुणाची?"

मी "ती एक विचारपद्धती आहे" असं काहीतरी पुटपुटले आणि पोहे वाढले. पण प्रश्न डोक्यातून जाईना. काकूंना काय उत्तर द्यावं? आणि इंग्रजीत लिहिणाऱ्या चार नावांपलीकडे, आपल्या भाषांमधलं असं बायकांचं लेखन कुणी काय वाचलंय?

---

तिरकस · शुक्रवार, रात्री ९.५२

उत्तर-वसाहत म्हणजे वसाहतीच्या उत्तरेला. आम्ही दक्षिण-वसाहतीत राहतो, तिथे पाणी दिवसाआड येतं.

(हलके घ्या. एमआयडीसीवरचा धागा समजून आत आलो होतो.)

---

घाटमाथा · शुक्रवार, रात्री १०.१५

तिरकस, खिक्.

कोरांटीताई, तुमच्या काकूंना माझा दंडवत. विद्यापीठातल्या निम्म्या परिसंवादांत हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून ते तीन-तीन दिवस चालतात.

---

जुनी_वही · शुक्रवार, रात्री ११.३०

'द्रौपदी' मी बऱ्याच वर्षांपूर्वी वाचली, पण त्यातला एक प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. दुलना मरताना "मा हो" असं ओरडतो. लष्कराला त्याचा अर्थ लागत नाही. कलकत्त्याहून दोन आदिवासीतज्ज्ञ बोलावतात. ते साहेबी नावांच्या माणसांनी केलेले शब्दकोश घेऊन घाम गाळत बसतात. शेवटी छावणीत पाणी भरणाऱ्या चमरूला विचारलं जातं. तो त्या दोघांना बघून फिदीफिदी हसतो, बिडीने कान खाजवतो आणि सांगतो, की गांधीराजाच्या वेळी मालदाचे संथाळ लढायला उठले तेव्हा असंच ओरडायचे. लढाईची आरोळी आहे ती.

काकूंना सांगा, इंग्रज त्या शब्दकोशात आहेत. माणूस समोर असताना त्याची भाषा कोशातून शिकायची, आणि शिकायची ती त्याला पकडण्यासाठी. सेनानायकाचा सिद्धांतच तो आहे, शत्रू संपवायचा तर आधी मनाने त्याच्यासारखं व्हा. जिल्ह्याजिल्ह्यात जातीजमातींच्या नोंदी करणारे गोरे कलेक्टर याहून वेगळं काय करत होते? खुर्ची तीच, बसणारा बदलला.

दुसरं भाषेचं. दोपदीच्या तोंडी 'काउंटर' असा शब्द येतो. पोलिसांच्या 'एन्काउंटर'चं तिच्या जिभेवर झालेलं रूप. इंग्रजी येत नसलेल्या बाईला इंग्रजीतला एवढाच शब्द नीट कळलेला, कारण तो नवऱ्याच्या मरणाचा आहे. १९८१ मध्ये गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी कथेचं इंग्रजी भाषांतर केलं तेव्हा पंचाईत अशी, की मूळ बंगालीत इंग्रजी शब्द बोचतात, इंग्रजीत ते पाण्यात मीठ विरघळावं तसे विरघळणार. म्हणून त्यांनी ते तिरप्या अक्षरांत छापले. तुमच्या हिंदी झेरॉक्समध्ये काय केलंय ते बघा एकदा.

---

कोरांटी · शुक्रवार, रात्री ११.४८

जुनी_वही, चमरूचा तो परिच्छेद मी "बरं, पुढे काय" करत ओलांडला होता. आत्ता उठून पुन्हा वाचला. हिंदीत 'काउंटर' तसाच ठेवलाय. पोहे वाढण्याऐवजी हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

---

प्रतिवादी · शनिवार, सकाळी ७.०५

या धाग्यात एक गृहीतक शिरताना दिसतंय, ते वेळीच अडवतो. इंग्रज म्हणजे खलनायक, म्हणून पुढचे सगळे खलनायक म्हणजे इंग्रजांचे वारस. असं कसं?

सावित्रीबाईंचं 'काव्यफुले' १८५४ चं. त्यात 'इंग्रजी माऊली' नावाची कविता आहे. माऊली! दुसऱ्याच वर्षी मुक्ताबाई साळवे या लहान मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून येतो. त्यात पेशवाईत मांग-महारांचे जे हाल झाले त्याचा हिशेब मांडलाय, आणि आताचं राज्य त्यामानाने बरं असा सूर आहे. या दोघींना विचारा वसाहत कुणाची. त्या पुण्यातल्या पेठांकडे बोट दाखवतील.

'उत्तर-वसाहतवादी' हा शब्द मुळात ज्यांचं राज्य इंग्रजांनी घेतलं त्यांच्या सोयीचा आहे. ज्यांना राज्य कधी नव्हतंच, त्यांचं काय गेलं?

---

पिंपळपान · शनिवार, सकाळी ८.२०

प्रतिवादी, +१. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' (१९८६) वाचताना मला हेच वाटलं होतं. त्यात इंग्रज जवळपास नाहीतच. आहे तो महारवाडा, देवीचं अंगात येणं, सासुरवास, आणि मग बाबासाहेब. फलटणला त्यांचं छोटं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला आलेली रद्दी त्या वाचायच्या. लिहायला लागल्या तेव्हा नवऱ्यापासून वह्या लपवून, तेही वीस-वीस वर्षं. सत्ता म्हणाल तर ती घरातच होती, राजधानी लंडन की दिल्ली याने तिला काय फरक पडत होता?

---

जुनी_वही · शनिवार, सकाळी १०.००

प्रतिवादी, मुक्ताबाई आणि सावित्रीबाईंबद्दल बरोबर आहे, आणि ते बोललंच पाहिजे. पण त्याच शतकातल्या ताराबाई शिंदेंना कुठे बसवाल? 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ ची. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला बालहत्येसाठी इंग्रजी कोर्टाने आधी फाशी सुनावली, त्यावर आपल्या वर्तमानपत्रांनी बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेतलं, त्या संतापातून हे पुस्तक आलं. कोर्ट इंग्रजांचं, तोंडसुख आपल्यांचं, फास बाईच्या गळ्यात. ताराबाई पुरुषांना विचारतात की तुम्ही साहेबाचा वेष घेतला, त्याचं खाणंपिणं घेतलं, तेव्हा तुमचा धर्म बुडाला नाही, तो फक्त आमच्यासाठीच शिल्लक राहिला का?

दोन सत्तांनी मिळून एका बाईला चेपायचं, हे त्यांना १८८२ मध्ये बुलढाण्यात बसून दिसलं. आणि मग आपण ते पुस्तक असं विसरलो की १९७५ मध्ये स. गं. मालशेंनी ते पुन्हा छापेपर्यंत फारसं कुणाला माहीतच नव्हतं.

---

तिरकस · शनिवार, सकाळी १०.०४

म्हणजे बाई दक्षिण-वसाहतीतच. पाणी दिवसाआड.

---

मलमल · शनिवार, दुपारी १.३५

मूळचा इचलकरंजीचा. कापडधंद्यात आहे, कामानिमित्त तीन वर्षं ढाक्यात होतो. तिथे बंगाली बोलायला आणि मग धडपडत वाचायला शिकलो, त्यामुळे या धाग्यावर माझाही एक हातमाग.

नीलखेत म्हणून जुन्या पुस्तकांचा बाजार आहे, आपल्या अप्पा बळवंत चौकासारखा, पण बोळ आणखी अरुंद. तिथल्या दुकानदाराला म्हटलं, सोपं बंगाली असलेलं एक पुस्तक दे. त्याने न विचारता 'एकात्तरेर दिनगुली' हातात ठेवलं. जहानारा इमाम यांची १९७१ ची, बांगलादेश मुक्तियुद्धाच्या दिवसांतली रोजनिशी. पुस्तक म्हणून १९८६ मध्ये आलं.

भाषा खरंच सोपी. आज भाजी काय आणली, कर्फ्यू किती वाजता उठला, कोण जेवायला आलं. आणि याच्या मधोमध मुलगा रूमी. त्याला अमेरिकेत इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालेला असतो. तो आईशी वाद घालतो, की मला युद्धाला जाऊ दे, तू नाही म्हणालीस तर जाणार नाही, अमेरिकेला जाईन, पण मग आयुष्यभर स्वतःच्या नजरेला नजर देऊ शकणार नाही. आई शेवटी डोळे घट्ट मिटून जा म्हणते, देशासाठी तुला कुर्बान केलं असे शब्द तिच्या तोंडून जातात. ऑगस्टअखेर त्याला घरातून उचलतात. पुढे पाकिस्तानचा लष्करशहा याह्याखान सार्वत्रिक माफी जाहीर करतो, नातेवाईक म्हणतात दयेचा अर्ज करा, आणि वडील ठरवतात की करायचा नाही, रूमीला ते खालमानेचं वाटेल. रूमी परत आला नाही. ते वडीलही १३ डिसेंबरला हृदयविकाराने गेले, तीन दिवसांनी युद्ध संपलं.

मी हे पुस्तक रोज चार पानं असं बसमध्ये वाचायचो. अर्जाच्या पानावर आलो तेव्हा माझा थांबा गेला.

तुमच्या काकूंना सांगा, ढाक्यात हाच प्रश्न विचारला तर उत्तर मिळेल की इंग्रज १९४७ ला गेले आणि दुसरे आले. ज्यूटचा पैसा पूर्वेचा, राजधानी पश्चिमेला, आणि वर भाषाही बदला म्हणतात. तिथे वसाहत म्हटलं की पंचविशीच्या पोरालाही इस्लामाबाद आठवतं, लंडन नंतर.

---

पिंपळपान · शनिवार, दुपारी २.१०

मलमल, हे वाचून लगेच महाश्वेतादेवींचीच 'हजार चुराशीर मा' ही कादंबरी आठवली (१९७४). तिथेही बंगाली आई, तिथेही चळवळीत मारला गेलेला मुलगा. पण केवढा फरक! जहानाराबाईंच्या मुलाला देशाने शहीद म्हटलं, त्यांना शहीदजननी म्हटलं, लोक त्यांच्या मागे उभे राहिले. सुजाताच्या मुलाला, व्रतीला, शवागारात नंबर मिळाला. एक हजार चौऱ्याऐंशी. बाप धावाधाव करतो ती बातमीतून मुलाचं नाव वगळलं जावं म्हणून. एक मुलगा परक्या सैन्याने मारला, दुसरा स्वतंत्र देशाच्या पोलिसांच्या राज्यात मेला. पहिल्या आईला दुःख उघड करता आलं, दुसरीला घरातही नाही.

---

मलमल · शनिवार, दुपारी २.४०

हो, पण शहीदजननीलाही पुढे सुखाने बसू दिलं नाही. युद्धगुन्हेगारांवर खटले चालावेत म्हणून १९९२ मध्ये त्यांनी ढाक्यात लोकअदालत भरवली, तेव्हा सरकारने त्यांच्यावरच राजद्रोहाचा गुन्हा लावला. कॅन्सर झालेली बाई. आणि राजद्रोहाचं कलम कुणी करून ठेवलेलं? काकू, इथे मात्र इंग्रज सापडले.

अवांतर: ७१ मध्ये बलात्कार झालेल्या बायकांना सरकारने 'वीरांगना' असा किताब दिला. किताब मिळाला आणि घरचे दार बंद झाले, कारण किताबामुळे गावभर कळलं. नीलिमा इब्राहिम यांनी त्यांच्याशी बोलून लिहिलेलं 'आमी वीरांगना बोलछी' आहे. ते मात्र मी बसमध्ये वाचू शकलो नाही.

---

घाटमाथा · शनिवार, दुपारी ४.२५

फाळणीचं अजून कुणी कसं काढलं नाही?

अमृता प्रीतम यांची 'पिंजर' (१९५०). पूरोला रशीद पळवून नेतो. ती एकदा निसटून माहेरी येते, तर आईबापच घरात घेत नाहीत. पुढे फाळणीत भावजय लाजो पळवली जाते, पूरो तिला सोडवते, आणि स्वतः परत जायची संधी असताना रशीदकडेच राहते. मी हे कॉलेजात वाचलं तेव्हा शेवट पटलाच नव्हता. राग आला होता पूरोचा.

नंतर उर्वशी बुटालियांचं संशोधन वाचनात आलं आणि १९४९ चा पळवलेल्या व्यक्ती परत आणण्याचा कायदा कळला. त्यातली व्याख्या बघा: मुलगा असेल तर सोळा वर्षांखालचा, आणि स्त्री असेल तर कोणत्याही वयाची. म्हणजे चाळीस वर्षांची बाई आणि चौदा वर्षांचं पोर एका ओळीत. तिला परत जायचंय का, हे विचारायची तरतूद नाही. पोटात मूल असेल, इथे संसार लागला असेल, तरी पोलीस घेऊन जाणार. दोन्ही देशांनी मिळून अशा सुमारे तीस हजार बायका 'परत' केल्या. पूरो त्या गाडीत बसत नाही, यात काय आहे ते मला पंचविसाव्या वर्षी कळलं.

हा कायदा इंग्रजांचा नाही हं. तो सर्वस्वी आपला. त्यामुळे प्रत्येक गोष्ट साहेबाच्या खात्यावर टाकायलाही माझी हरकत आहे.

---

प्रतिवादी · शनिवार, दुपारी ४.४०

चला, निदान एकाने कबूल केलं.

---

अनाहूत · शनिवार, संध्याकाळी ६.००

पाकिस्तानातल्या लेखिकांवर कुणी बोलेल का? तिकडे बायका असं काही लिहितात हेच आपल्याला माहीत नसतं.

---

जुनी_वही · शनिवार, संध्याकाळी ७.१५

अनाहूत, फहमीदा रियाज़पासून सुरुवात करा. लष्करशहा झिया-उल-हकच्या काळात खटले अंगावर आले तेव्हा त्या भारतात येऊन राहिल्या, १९८१ पासून सहा-सात वर्षं. 'चादर और चारदीवारी' ही कविता, बाईने चादरीत आणि चार भिंतींत राहावं या झियाच्या घोषणेलाच उत्तर आहे. तुमची काळी चादर मला नको, ती तुमच्याच कुजलेल्या गोष्टी झाकायला वापरा, असा तिचा रोख. किश्वर नाहीद यांची 'हम गुनहगार औरतें' तिच्या जोडीने वाचा. १९८३ च्या फेब्रुवारीत लाहोरच्या बायका दोन बायकांची साक्ष एका पुरुषाइतकी धरू पाहणाऱ्या साक्षीच्या कायद्याविरुद्ध रस्त्यावर उतरल्या आणि लाठ्या खाल्ल्या, ती हवा या कवितांत आहे.

आणि फहमीदाबाईंची आपल्यासाठी लिहिलेली 'तुम बिल्कुल हम जैसे निकले' आहेच. धर्माच्या नावाने राज्य चालवायची हौस तुम्हालाही आली का भाऊ, असं शेजारणीने कुंपणावरून विचारावं तशी.

---

संपादक · शनिवार, रात्री ९.३०

वरील प्रतिसादाखालचे सहा प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. निवडणुकीसाठी वेगळा धागा आहे, तिथे जावे. इथे साहित्यावर बोलावे.

---

तिरकस · शनिवार, रात्री ९.३३

साहित्यात राजकारण चालेल, प्रतिसादात चालणार नाही. समजलं.

---

मांडवीकाठ · रविवार, सकाळी ९.१०

गोव्याहून. आमची 'उत्तर-वसाहत' १९६१ च्या डिसेंबरात सुरू होते, हे देशावरचे लोक नेहमी विसरतात. माझ्या आजीच्या लग्नाची पत्रिका सेन्सॉरकडे दाखवून छापावी लागली होती. वधूवरांच्या नावांत राजद्रोह शोधणारे राज्यकर्ते.

वाचायला विमला देवी सुचवते. नाव ऐकून गैरसमज होतो. हे बिठ्ठोणच्या एका कॅथलिक लेखिकेचं टोपणनाव. 'मोन्सांव', म्हणजे पावसाळा, हा त्यांचा कथासंग्रह १९६३ मध्ये लिस्बनला पोर्तुगीजमध्ये आला, गोवा मुक्त झाल्यानंतर आणि त्या गोव्याबाहेर गेल्यानंतर. राज्य गेलं, त्या राज्याच्या भाषेत मागे राहिलेल्या गावाच्या गोष्टी. पण गोष्टी कुणाच्या? भाटकार (जमीनदार) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीवर घर करून राहणारे), जात बघून ठरणारी लग्नं, आफ्रिकेत नोकरीला गेलेला नवरा. पोर्तुगीज अधिकारी फार नाहीत त्यात. सत्ता भाटकाराच्या सोप्यावर आरामखुर्चीत बसलेली. म्हणजे तुमच्या काकूंचा प्रश्न तिथेही तसाच.

---

रसिक_वाचक · रविवार, सकाळी ११.४५

मघापासून वाचतोय. माहिती उत्तम, वाचनखूण साठवली. पण राहवत नाही म्हणून लिहितो. कायदे, कलमं, तारखा. कथा कुठे गेली? 'द्रौपदी' थोर आहे ती तिच्यात राजकारण आहे म्हणून? राजकारण असलेल्या रद्दड कथा मी पोत्याने दाखवतो.

कुर्रतुलऐन हैदर यांची 'आग का दरिया' (१९५९) घ्या. अडीच हजार वर्षं, त्याच नावांची माणसं पुन्हा पुन्हा येतात, गौतम, चंपा, कमाल. मौर्यकाळ, जौनपूर, लखनौ, मग फाळणी. चंपा प्रत्येक जन्मात वाट बघत राहते. वाचताना मला फाळणीचं 'कारण' कुठे सापडलं नाही, पण एवढी जुनी नदी एका रेघेने कशी कापता येईल, हा प्रश्न गोमतीच्या पाण्यासारखा पायाला लागत राहिला. हे फक्त कादंबरी करू शकते. बाईंनी ती पाकिस्तानात असताना लिहिली, लाहोरला छापली, मग भारतात परतल्या आणि बरीच वर्षं आपल्या मुंबईतच इंग्रजी नियतकालिकांत नोकरी केली. लोकलमधून जाताना कुणाला ठाऊक होतं शेजारी कोण बसलंय!

आणि इस्मत चुग़ताईंची 'जड़ें'. घरातले सगळे पाकिस्तानला निघतात, म्हातारी अम्मा हलत नाही. रिकाम्या घरात एकटी. शेजारचे रूपचंद डॉक्टर जाऊन सगळ्यांना परत घेऊन येतात. एवढीच गोष्ट. एकही घोषणा नाही. इस्मतच्या कथा मराठीत हव्या असतील तर कविता महाजन यांचं 'रजई' आहे.

---

जुनी_वही · रविवार, दुपारी १२.३०

रसिक, मान्य. पण कथा कथेबाहेरही जाते त्याचं काय करायचं? 'द्रौपदी'चंच बघा. २००० साली मणिपूरमध्ये कन्हैयालाल यांनी तिचं नाटक केलं. साबित्री हैस्नाम शेवटच्या प्रसंगात रंगमंचावर विवस्त्र उभ्या राहिल्या. केवढा गहजब झाला. चार वर्षांनी, जुलै २००४ मध्ये, आसाम रायफल्सने घरातून उचलून नेलेल्या मनोरमा थांगजम हिच्या मृत्यूनंतर बारा बायका इंफाळच्या कांगला किल्ल्याच्या दारात तशाच उभ्या राहिल्या. नाटक बघून नव्हे, त्यांच्या स्वतःच्या संतापाने. तरी त्यानंतर ती कथा पूर्वीसारखी वाचता येत नाही.

आणि लष्कराच्या ज्या विशेषाधिकार कायद्याविरुद्ध (अफ्स्पा) त्या उभ्या होत्या तो १९५८ चा, पण त्याचा साचा १९४२ च्या वटहुकमाचा. 'चले जाव' मोडायला केलेला. प्रतिवादी, हे साहेबाच्या खात्यावर टाकू ना?

---

प्रतिवादी · रविवार, दुपारी १२.४१

टाका. व्याज मात्र आपल्याकडे.

---

चादरवाली · रविवार, रात्री १०.५०

सोलापूरहून. लिहू की नको करत दोन दिवस काढले.

तिरकस, तुमचा तो विनोद. वसाहत. आमच्याकडे खरोखरची आहे. सोलापुरात 'सेटलमेंट' म्हणून भाग आहे, रिक्षावाल्याला तेवढंच सांगितलं की पुरतं. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं त्यांना तारेच्या कुंपणात ठेवायची जागा. कैकाडी, पारधी, टकारी, मांग-गारुडी. माझे आजोबा तिथले. सकाळी भोंगा झाला की गिरणीत, परत आलं की हजेरी, रात्री पुन्हा हजेरी. बाहेरगावी मयताला जायचं तरी पास. आजी सांगायची की तिला आकडे मोजता यायचे ते हजेरीमुळे.

स्वातंत्र्य १९४७ ला. तार पडली १९५२ ला. पाच वर्षं देश स्वतंत्र आणि आम्ही आत.

महाश्वेतादेवी शेवटपर्यंत ज्यांच्यासाठी भांडल्या ते पुरुलियाचे खेडिया शबर, त्याच यादीतले. १९९८ मध्ये बुधन शबर पोलीस कोठडीत मेला, तेव्हा त्यांनी, गणेश देवींनी आणि आपल्या 'उचल्या'वाल्या लक्ष्मण गायकवाडांनी मिळून विमुक्तांसाठी संघटना उभी केली. 'द्रौपदी' तुम्ही हिंदीतून वाचलीत, चांगलंच आहे. पण मराठीत एका बाईने हे १९५० साली लिहिलंय. विभावरी शिरूरकर, म्हणजे मालतीबाई बेडेकर. कादंबरीचं नाव 'बळी'. सगळ्यांना 'कळ्यांचे निःश्वास' तेवढं आठवतं. मालतीबाई आमच्या सेटलमेंटमध्ये अधिकारी म्हणून नोकरीला होत्या, ते बघून लिहिलेली कादंबरी. तार अजून उभी असताना.

---

कोरांटी · रविवार, रात्री ११.१०

चादरवाली, मी एम.ए.ला मराठी घेतलं होतं. विभावरी शिरूरकर अभ्यासक्रमात होत्या. 'बळी'चं नाव टिपणात एका ओळीत होतं. एका ओळीत.

---

पिंपळपान · रविवार, रात्री ११.२५

एक शंका, रागावू नका. मालतीबाई त्या व्यवस्थेच्या नोकर होत्या ना? संध्याकाळी फाटकातून बाहेर जाऊ शकणाऱ्या. मग त्या चमरूच्या बाजूच्या की कोश घेऊन बसलेल्यांच्या?

---

चादरवाली · रविवार, रात्री ११.५८

रागावत नाही, आमच्या घरात हा वाद जुना आहे. आजोबांना 'बाई' आठवायच्या, पण पुस्तकाचं त्यांना काही नव्हतं, वाचता येत नव्हतं. बाबा शिकले. पुढे गिरणीत टाइमकीपर झाले, म्हणजे हजेरी घेणारे. त्यांनी 'बळी' जुन्या बाजारातून आणून वाचलं. त्यांच्या प्रतीत समासात खुणा आहेत. बऱ्याच ठिकाणी 'बरोबर'. तीन ठिकाणी 'खोटं'. एका ठिकाणी नुसतं 'हे बाईला कुणी सांगितलं?'

बाबा गेले. त्या प्रश्नाचा अर्थ कौतुक की संशय, ते मी विचारायचं राहिलं.

पत्त्यावर अजूनही 'सेटलमेंट फ्री कॉलनी' लिहितात. तिन्ही शब्द इंग्रजी, लिपी मराठी. काकूंना तेवढं दाखवा.

---

तिरकस · सोमवार, सकाळी ८.०२

चादरवाली, नमस्कार. आज विनोद नाही.

---

कोरांटी · गुरुवार, संध्याकाळी ७.३०

ताजी खबर. काकूंना हा सगळा धागा छापून दिला. त्यांनी लाल पेनाने खुणा करत वाचला, बँकेची सवय. म्हणाल्या, "पुढची पाळी माझी, 'बळी' घेऊ." मग आम्ही दोघी ग्रंथालयात गेलो. कपाटात मागच्या रांगेत एक प्रत सापडली, तारखांच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का कधीचा ते वाचताही येत नाही इतका पुसट. पण मधली सोळा पानं गायब. फॉर्माच निखळलाय. चादरवाली, तुमच्या प्रतीतल्या त्या पानांचे फोटो पाठवाल का?

---

चादरवाली · गुरुवार, रात्री ९.१५

पाठवते. कोणती पानं ते कळवा. पण त्यात बाबांच्या खुणा येतील, वाचताना मध्ये मध्ये लागतील.

---

कोरांटी · गुरुवार, रात्री ९.१८

१४५ ते १६०. खुणांसकटच हवीत. पुसू वगैरे नका.

---

चादरवाली · गुरुवार, रात्री ९.४०

पुसल्या जाणारही नाहीत. गिरणीतली कॉपिंग पेन्सिल आहे, थुंकी लावून लिहायची ती.